पाचवा दिवस

होटगी रोडच्या पुढं, जिथवर यायला
रिक्षावाला अजून वीस रुपये जादा मागतो,
तिथं आमची खोली. नंबर एकवीस.
बावीस, तेवीस, चोवीस, सगळ्या तशाच:
दोन खाटा, एक खिडकी, न्हाणीत धरायला स्टीलचा दांडा,
आणि दारामागं नियमांचा कागद.
नियम चौथा : भिंतीत खिळा ठोकू नये.

मी आयुष्यभर भोकंच पाडली.
जेकार्डच्या पुठ्ठ्यावर, एकेक, मोजून.
डोळा हवा तर इथं भोक, पिसारा हवा तर तिथं,
एक चुकलं की मोराची मान मोडायची
आणि मालक माझ्या मानेकडं बघायचा.
त्यामुळं कोरी भिंत मला कोरा पुठ्ठा वाटते.
मागावर चढवली तरी तिच्यातून काही विणून येणार नाही.
हे मी मॅनेजर हिरेमठांना समजावून सांगितलं.
ते म्हणाले, चिकटपट्टी वापरा काका.

राजमणीनं कुणाला काही विचारलं नाही.
पहिल्याच रात्री तिनं पाणी भरलं.
दोन हंडे, तीन घागरी, सात तांबे, दुधाची किटली,
शेवटी लोणच्याची रिकामी बरणीसुद्धा.
अगं, इथं चोवीस तास नळ आहे,
जाहिरातीतच लिहिलंय.
ती म्हणाली, नळाला वाचता येतं का?

दाजी पेठेत पाणी यायचं रात्री अडीचला,
कधी चौथ्या दिवशी, बहुतेक पाचव्या.
धुणं, पाहुणे, केसांवरून आंघोळ,
सगळं त्या दिवसावर टांगलेलं.
पोराच्या लग्नाची तारीखसुद्धा पाणी बघून धरली,
मुहूर्त गुरुजींनी मागनं काढला.

इथंही ती पाचव्या दिवशी शिळं पाणी कुंड्यांना घालते
आणि पदर खोचून नव्यानं भरते.
बावीसमधले पोस्टमास्तर मंद्रूपकर हसायचे.
तेवीसच्या गुरुबाई कन्नडमध्ये हसायच्या.
शमशाद टीचर हसायच्या नाहीत,
पण चष्मा पुसायच्या. तेही कळायचं.
खरं सांगतो, मीही हसायचो.

मग एप्रिलात, पारा चव्वेचाळीसवर,
बोअर आटली आणि टँकर कुठं तरी बंद पडला.
दुपारी दोनला दारात रांग,
हातात बाटल्या, मग, औषधाच्या गोळ्या.
बाटलीत हंडा ओतता येत नाही, म्हणून तिनं तांबेच दिले.
माणशी एक. परत आणायचा.
मंद्रूपकरांनी दाढीपुरतं आणखी मागितलं.
तिनं तेलुगूत त्यांना दाढीबद्दल जे सांगितलं
ते मी मराठीत केलं नाही.
हिरेमठ सगळ्यात शेवटी उभे होते, खाली बघत.

संध्याकाळी टँकर आला. तांबे आले नाहीत.
म्हणजे आले, पण सगळे नाहीत.
एकात गुरुबाईंची शेंगाची चटणी आली, दडपून भरलेली,
एकाच्या बुडावर टीचरनी नेलपॉलिशनं आमचं नाव घातलेलं.
दोन अजून बेपत्ता आहेत.
त्यावरून रोज बोलणं होतं, दारं उघडी टाकून,
या खोलीतून त्या खोलीत,
मध्ये कुणाची तरी फोडणी जळते.

काल हैदराबादहून पोराचा फोन आला.
जेवण कसंय, बीपी कसाय, पंखा चालतो का,
मी हं हं करत होतो.
मागं राजमणी मंद्रूपकरांवर कडाडली,
तांब्यावरून की दाढीवरून, नीट कळलं नाही.
पोरगं गप्प झालं.
मग हळूच म्हणालं,
नायना, दाजी पेठेत परत गेलाय का तुम्ही?

मी भिंतीकडं बघितलं. खिळा अजून नाहीच.
नंतर बोलतो म्हणालो.
घागरी विसळायच्या होत्या,
पाचवा दिवस होता.